सिगारेट सोडायचे मार्ग: नागपुरात पहिल्यांदाच सोडायला निघालेल्यांसाठी

सिगारेट सोडायची म्हटली की नागपुरात सल्ल्यांना तोटा नाही. ऑफिसातला कुणी म्हणतो, "एका झटक्यात फेक, बाकी सगळे चोचले." मेव्हणा म्हणतो, "रोज एकेक कमी करत जा." मेडिकल स्टोअरवाला काउंटरवरची गमची स्ट्रिप पुढे सरकवतो. आणि पानठेल्यावरचा भाऊ अगदी आपुलकीनं सुचवतो, "खर्रा घ्या ना साहेब, धूर तर नाही होत." पहिले तीन सल्ले कुणाला ना कुणाला लागू पडतात. चौथा कुणालाच नाही, खर्रा म्हणजे तंबाखू, चुना आणि सुपारीच.

मी बरीच वर्षं ओढली, खालचे बहुतेक मार्ग करून पाहिले आणि सुटलो. डॉक्टर नाही. पण ओळखीतलं कुणी सोडायला निघालं की फोन मला येतो, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळ्यात चांगला उपाय कोणता? ते तुम्ही कधी, कुठे आणि कशासाठी ओढता यावर आहे. म्हणून दुकानातून काही विकत आणायच्या आधी आठवडाभर स्वतःवर पाळत ठेवा.

१. आधी आपली सिगारेट ओळखा

दोन प्रश्नांनी सुरुवात करा. सकाळी डोळे उघडल्यावर पहिली सिगारेट किती वेळात लागते? आणि दिवसाला किती होतात?

रक्तातलं निकोटिन दर दोन तासांनी साधारण निम्मं होतं, म्हणजे रात्रभराच्या झोपेत शरीर जवळजवळ रिकामं होतं. ज्याला उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ओढावीच लागते, त्याचं शरीर निकोटिन मागतंय. अशा माणसाला नुसत्या निश्चयाच्या भरवशावर सोडणं म्हणजे त्याला मुद्दाम पाडणं. ज्याची पहिली सिगारेट अकराच्या चहासोबत होते आणि रविवारी घरी असला की आठवणही येत नाही, त्याचा गुंता शरीरापेक्षा ठेल्याशी आणि मित्रांशी जास्त आहे. दोघांचा उपाय एक असूच शकत नाही.

आता पाकिटात एक कागद घडी करून ठेवा आणि प्रत्येक सिगारेट पेटवण्याआधी त्यावर एक ओळ लिहा. साधारण अशी:

६.४०, संडासच्या आधी, एकटा.
१०.१५, चहा, ठेल्यावर, तिघं.
१.४५, जेवण झालं म्हणून.
४.३०, साहेबाशी वाजलं.
५.१०, कारण माहीत नाही.

"कारण माहीत नाही" अशा ओळी बऱ्याच निघतील. त्या सगळ्यात सोप्या, पहिल्याच दिवशी गळतात. सकाळची आणि जेवणानंतरची मात्र शेवटपर्यंत झगडते, तेव्हा तयारी त्यांच्यासाठी करायची.

बिडी ओढणाऱ्यांनी "आपली तर साधी बिडी" म्हणून स्वतःला सूट देऊ नये. बिडीतून मिळणारं निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी नसतं. ती सारखी विझते म्हणून माणूस झुरकेही जास्त आणि जोरात घेतो.

२. तारीख ठरवा, पण उद्याची नको

आजपासून एक ते दोन आठवड्यांनंतरची तारीख धरा. हा मधला वेळ तयारीसाठी आहे, शिवाय काही गोळ्या तारखेच्या आठवडाभर आधीच सुरू कराव्या लागतात. मार्च एंडिंग, घरातलं लग्न, बदलीची धावपळ असे दिवस टाळा. एक जानेवारीही मला फारशी पटत नाही, कारण एकतीसच्या रात्री बसलेली मंडळी सकाळी उठते तीच तलफ घेऊन. त्यापेक्षा आपल्याकडे मारबतीचा दिवस आहे. तान्ह्या पोळ्याला "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणून गाव ओरडतंच, त्यात आपलीही एक पीडा घालून द्यायची. ओळखीतल्या एकानं तोच दिवस धरला, आणि घरच्यांनाही तो सोयीचा पडला: दरवर्षी कुणी ना कुणी आठवण काढतंच.

तारीख घरात सांगा, आणि ज्याच्यासोबत ठेल्यावर जाता त्यालाही. लपवून सोडायला गेलं की परत सुरू करणंही लपूनच होतं.

३. मार्ग कोणते, आणि कुणाला कोणता

आधी आकडे पाहू, म्हणजे अपेक्षा जमिनीवर राहतील. कुठलीही मदत न घेता एकट्याच्या बळावर सोडणाऱ्या शंभरांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकणारे तीन ते पाचच असतात. कॉक्रेन या संस्थेनं २०२३ मध्ये तीनशेहून जास्त चाचण्या आणि दीड लाखाहून जास्त माणसांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यानुसार खऱ्या औषधाविना सोडणाऱ्या शंभरांपैकी सुमारे सहा जण निदान सहा महिने टिकले. नुसती पट्टी किंवा नुसता गम घेणाऱ्यांत सुमारे नऊ, पट्टी आणि गम दोन्ही एकत्र घेणाऱ्यांत अकरा-बारा, व्हॅरेनिक्लिनच्या गोळीवर सुमारे चौदा. चौदा ऐकून हिरमुसू नका. हा एका प्रयत्नाचा हिशेब आहे, आणि बहुतेकांना एकाहून जास्त प्रयत्न लागतात.

एकदम सोडणं की हळूहळू

"रोज एक कमी" हा सल्ला समजूतदार वाटतो, पण प्रत्यक्षात उरलेल्या सिगारेटींचं मोल वाढत जातं. दिवसाला चार उरल्या की माणूस दिवसभर त्या चारांचीच वाट बघतो, आणि प्रत्येक सिगारेट बुडापर्यंत, खोल ओढतो. इंग्लंडमध्ये सुमारे सातशे जणांवर झालेली एक चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटानं ठरल्या दिवशी एकदम सोडली, दुसऱ्यानं दोन आठवड्यांत कमी करत आणून. चार आठवड्यांनंतर पहिल्या गटातले ४९ टक्के टिकून होते, दुसऱ्यातले ३९ टक्के. गंमत म्हणजे कमी-कमी करणंच पसंत असलेली मंडळीही एकदम सोडल्यावर जास्त टिकली. दोन्ही गटांना निकोटिनची औषधं आणि समुपदेशन होतं, हे लक्षात ठेवा. म्हणजे "एकदम सोडा" हे बरोबर, "आणि औषध घेऊ नका" हे त्यातून निघत नाही.

निकोटिन गम

सगळ्यात सहज मिळणारी आणि सगळ्यात चुकीची वापरली जाणारी वस्तू. २ मिलिग्रॅमचा गम मेडिकल स्टोअरमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ मिलिग्रॅमसाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. उठल्यापासून अर्ध्या तासात पेटवणाऱ्यांना ४ चा लागतो. त्यांनी २ चा घेतला की "गमनं काही होत नाही" म्हणून आठवड्यात सोडून देतात.

चघळायची रीत अशी. हळूहळू चावा. तोंडात मिरमिर किंवा तिखटसर चव आली की थांबा आणि गम गाल व हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. मिनिटभरानं मिरमिर ओसरली की परत दोन-चारदा चावा आणि बाजू बदलून ठेवा. एक गम असा अर्धा तास चालतो. साध्या च्युइंगमसारखा भराभर चावला तर निकोटिन थुंकीसोबत पोटात जातं, उचक्या लागतात, छातीत जळजळतं आणि तलफ आहे तिथेच राहते.

गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, कोल्ड्रिंक काही नको. संत्र्याचा रस तर नकोच. तोंडात आंबटपणा असला की निकोटिन हिरडीतून शोषलंच जात नाही, आणि आपल्याकडे हिवाळ्यात घरोघरी संत्री असतात. सुरुवातीचे सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, मग हळूहळू कमी करत साधारण तीन महिन्यांत बंद. दिवसाला २४ च्या वर कधीच नाही. तलफ डोक्यात चढेपर्यंत वाट बघण्यापेक्षा ठरल्या वेळी घेतलेला बरा.

खर्रा खाऊन ज्यांचं तोंड नीट उघडत नाही, त्यांना चावायलाच त्रास होतो. कवळी असेल तर गम तिला चिकटतो. अशांनी पट्टी बघावी.

निकोटिन पट्टी

दिवसभर कातडीतून थोडं-थोडं निकोटिन देत राहणारी चिकटपट्टी. दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्यांसाठी साधारण २१ मिलिग्रॅम सहा आठवडे, मग १४ दोन आठवडे, मग ७ दोन आठवडे. दहापर्यंत ओढणारे १४ पासून सुरू करतात. प्रत्येक दुकानात पट्टी ठेवलेली नसते. आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर मागवून देतात, म्हणून तारखेच्या सकाळी शोधाशोध नको.

इथे नागपूरचं ऊन आडवं येतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की दंडावरची पट्टी घामानं सुटते. आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करा, तिथे तेल-पावडर लावू नका, केस नसलेली जागा बघा आणि तळहातानं दहा सेकंद दाबून धरा. दंडापेक्षा पाठीचा वरचा भाग किंवा छातीची बाजू बरी, बाहीचा घासही लागत नाही. रोज जागा बदला, नाहीतर कातडी लाल होते. भर उन्हात तासन्तास काम असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण कातडी तापली की पट्टीतून निकोटिन जास्त उतरतं. गाडीच्या डिक्कीत पट्ट्यांचं पाकीट ठेवून देऊ नका. रात्री भलभलती स्वप्नं पडली तर झोपताना काढून टाका. वापरलेली पट्टी चिकट बाजू आत घेऊन दुमडा आणि लेकरांच्या हाती लागणार नाही अशी फेका. तिच्यात निकोटिन उरलेलं असतं.

पट्टी आणि गम मिळून

जास्त ओढणाऱ्यानं विचारलं तर मी हेच सांगतो. पट्टी दिवसभराचा पाया सांभाळते, गम जेवणानंतरच्या आणि भांडणानंतरच्या तलफेला धावून येतो. "दोन-दोन निकोटिन एकदम?" म्हणून लोक बिचकतात. सिगारेटमध्ये निकोटिनसोबत हजारो रसायनं असतात, आणि कॅन्सर होतो तो मुख्यतः त्या धुरामुळे. तुम्ही निकोटिन तेवढं ठेवून धूर बंद करताय, नंतर निकोटिनही उतरवताय. तरी किती मिलिग्रॅमची पट्टी आणि दिवसाला किती गम हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत निकोटिन देणाऱ्या या औषधांचा समावेश झालाय, तेव्हा हे कुणी काढलेलं फॅड नाही.

गोळ्या

दोन आहेत, दोन्ही फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. व्हॅरेनिक्लिन मेंदूत निकोटिनच्याच जागी जाऊन बसते आणि तलफ थोडी भागवते. मध्येच कुणी सिगारेट ओढली तरी हवी ती मजा येत नाही. तारखेच्या आठवडाभर आधी लहान डोसनं सुरू करतात, कोर्स साधारण बारा आठवड्यांचा. दहातल्या तिघांना मळमळ होते. भरल्या पोटी आणि ग्लासभर पाण्यासोबत घेतली तर बरंच निभावतं. किडनीचा त्रास असेल तर डोस कमी करावा लागतो, ते आधीच सांगा. दुसरी बुप्रोपिऑन, मुळात नैराश्यावरचं औषध. हिनं तोंड कोरडं पडतं, झोप उडते. ज्याला कधी फिट आली असेल त्यानं ही घ्यायचीच नाही. दारू जास्त असेल तर तेही लपवू नका.

गोळ्यांनी डोकं फिरतं अशी एक भीती लोकांत आहे. आठ हजारांवर लोकांवर झालेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत पट्टी किंवा खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळीच्या तुलनेत या दोन्हींमुळे गंभीर मानसिक त्रास लक्षणीय वाढलेला दिसला नाही. तरी आधीपासून मानसिक आजाराचे उपचार चालू असतील तर त्याच डॉक्टरांना विचारून घ्या.

व्हेप, हर्बल सिगारेट, चहात टाकायची पावडर

व्हेपबद्दल खरं सांगायचं तर वर सांगितलेल्या आढाव्यात तिचे आकडे चांगले आहेत. पण भारतात ई-सिगारेटचं उत्पादन, विक्री आणि साठवण २०१९ च्या कायद्यानं बंद आहे. इथे चोरून मिळणाऱ्या नळीत काय भरलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आपल्यासाठी हा मार्ग नाही. हर्बल सिगारेटमध्ये तंबाखू नसला तरी जळणारा पाला असतोच, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड छातीत जातंच. संमोहन आणि ॲक्युपंक्चरनं लांबचा फायदा होतो असा भक्कम पुरावा नाही. आणि "घरच्यांना न सांगता चहात टाका" असली पावडर कुणी विकत असेल तर तिच्या पाकिटावर घटक शोधून बघा.

४. नागपुरात कुठे जायचं

घरबसल्या सुरुवात करायची तर राष्ट्रीय क्विटलाइन आहे: १८००-११-२३५६. नंबर फुकट आहे आणि तुमच्या हातातल्या पाकिटावरच छापलेला आहे. सकाळी आठ ते रात्री आठ, सोमवारी बंद. मराठीत बोलता येतं. किती वर्षं, दिवसाला किती, आधी कधी सोडून पाहिली, असं विचारतात, तारीख ठरवायला लावतात आणि नंतर तेच परत फोन करतात. अडचण इतकीच की तो फोन अनोळखी नंबरवरून येतो आणि आपण लोनवाला समजून कापतो. त्या आठवड्यात अनोळखी फोन उचला.

मला स्वतःला फोनवरचा माणूस गोळीपेक्षाही कामी आला. तो ओळखीचा नसतो, त्यामुळे त्याच्यापुढे फुशारकी मारावी लागत नाही.

समोरासमोर बोलायचं तर मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं किंवा मिहानमधलं एम्स, तिन्ही ठिकाणी छाती विभाग किंवा मानसोपचार विभागाच्या ओपीडीत विचारा. मेडिकलच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय बहुतेकांच्या डोक्यात येत नाही. दंत महाविद्यालयांत तंबाखूमुक्ती केंद्रं उघडण्यासाठी केंद्र सरकारनं २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. धूर आणि खर्रा दोन्ही असेल तर तिथे तोंडाची तपासणीही होऊन जाते. तंबाखूसोबत मन खचलेलं असेल, झोप नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही आहे.

सोबत काय न्यायचं:
- आधार कार्ड आणि त्याला जोडलेला मोबाईल (केसपेपर काढायला)
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी, नसेल तर रिकाम्या स्ट्रिप्सच
- आठवडाभर लिहिलेला तो कागद
- जुना छातीचा एक्स-रे, ईसीजी असेल तर

सरकारी ओपीडीत सकाळी लवकर जा. आणि कुणी "सोडून द्या, वाईट असते" एवढंच म्हणून पुढच्या पेशंटला हाक मारली तर वाईट वाटून घेऊ नका. माझ्या बाबतीत एका दवाखान्यात तसंच झालं होतं. "मला पट्टी किंवा गोळी लिहून देता का?" असं नेमकं विचारलं की बोलणं पुढे सरकतं.

५. पहिले तीन दिवस आणि पुढचे तीन आठवडे

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात कडक. चिडचिड, डोकं जड, हात मोकळे मोकळे, जेवणानंतर खोलीत येरझारा. नंतर दोन ते चार आठवड्यांत ओसरत जातं. एकेक तलफ काही मिनिटांचीच असते. ती टळेपर्यंत जागा सोडा, पाणी प्या, दीर्घ श्वास घ्या, कुणाला फोन लावा. बडीशेप, लवंग, भाजलेले चणे खिशात असू द्या.

कुणी सांगत नाही अशा तीन गोष्टी.

पहिली म्हणजे पोट. सकाळच्या सिगारेटशिवाय पोट साफ होत नाही, एवढ्याच कारणासाठी किती जण परत वळतात याची कल्पना नाही. निकोटिननं आतडी हलतात हे खरं आहे, आणि सोडल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठता होते हेही. रात्री इसबगोल, सकाळी उठल्या-उठल्या दोन ग्लास कोमट पाणी, थोडं चालणं, आणि रोज त्याच वेळी जाऊन बसायचं, येवो न येवो. महिन्याभरात शरीर आपली वेळ धरतं. तोपर्यंत आतडी बिघडली म्हणून घाबरू नका.

दुसरी चहा-कॉफी. धुरामुळे यकृत कॅफिन भराभर संपवत असतं. सिगारेट बंद झाली की तेवढ्याच चहानं कॅफिन रक्तात जास्त वेळ राहतं. छाती धडधडते, झोप येत नाही, आणि माणूस समजतो हे सिगारेट सोडल्याचंच. दिवसाचे सहा चहा असतील तर तीन करा.

तिसरी वजन. वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढतं, कारण भूक परत येते आणि तोंडाला चव येते. पहिल्या दोन महिन्यांत डाएट वगैरे सुरू करू नका, एका वेळी एकच लढाई. सकाळी अंबाझरीला किंवा सेमिनरी हिल्सला चालायला जा, बस.

खोकला सुरुवातीला वाढलेला वाटू शकतो. पण खोकल्यातून रक्त आलं किंवा तीन आठवड्यांनंतरही तसाच राहिला तर थेट डॉक्टर.

६. ठेल्याचं काय करायचं

दहाच्या चहाला सगळे उठले की तुम्ही खुर्चीत बसून राहिलात तर फार दिवस टिकणार नाही. ती पंधरा मिनिटं सिगारेटची नसतात, गप्पांची असतात. दोन आठवडे वेगळ्या ठिकाणी चहा घ्या, जिथे शेजारी पानठेला नाही. नाहीतर मंडळींना तर्री-पोह्याच्या गाडीवर न्या. हाताला आणि तोंडाला काम मिळतं आणि तिखटानं तलफ मागे पडते. दारूची बैठक आणि सावजीची पार्टी पहिला महिना टाळाच. दोन पेग झाल्यावर "एक कश मार ना बे" म्हणणारा मित्र वाईट नसतो, त्याला एकट्यानं ओढायचा कंटाळा आलेला असतो.

सुटी सिगारेट हा मोठा सापळा. महाराष्ट्रात सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवर सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, तरी ठेल्यावर मागितली की मिळते. ज्या ठेल्यावर तुमचा हिशेब चालतो तो चुकता करून टाका आणि भावाला स्पष्ट सांगा की आता मागितली तरी देऊ नको. बहुतेक जण ऐकतात. उधारीच्या वहीत नाव राहिलं तर पाय तिकडे वळायला कारणही राहतं.

७. सिगारेटऐवजी खर्रा: हे करायचंच नाही

हा सापळा विदर्भाबाहेरच्यांना कळणार नाही, म्हणून वेगळं लिहितोय. सिगारेट सुटते, आणि महिन्याभरात पन्नीत घोटलेला खर्रा खिशात असतो. घरी वास येत नाही, ऑफिसात चालतो, मेट्रोतही कुणाला कळत नाही. २०१६-१७ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, आणि तोंडातून तंबाखू खाणारे २४.४ टक्के. धूर आपल्याकडचा धाकटा प्रश्न आहे.

खर्ऱ्यात तंबाखू, चुना आणि सुपारी. चुन्यामुळे निकोटिन तोंडातून झपाट्यानं शोषलं जातं, म्हणजे शरीराची मागणी आहे तशीच राहते. सुपारी तंबाखूशिवायही कॅन्सरकारक आहे, आणि तोंड आखडण्याचा आजार तिच्यामुळेच होतो. स्वतःच तपासा: आपली तीन बोटं उभी, एकावर एक, तोंडात जातात का? जात नसतील, किंवा तिखटानं गालाची आतली बाजू आगीसारखी होत असेल, किंवा पांढरा चट्टा दिसत असेल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी दंत महाविद्यालयात जा. नुसती सुपारी, गोड सुपारी, पान मसाला यांनाही तोंड शुद्ध करणारं काही समजू नका.

८. मध्येच ओढली गेली तर

एक सिगारेट झाली म्हणून पाकीट विकत घ्यायचं नाही. उरलेली असतील तर पाण्यात भिजवून टाका. पट्टी आणि गोळी तशीच चालू ठेवा, बंद करू नका. आणि कुठे घसरलात ते बघा. पहिल्या आठवड्यातच ओढली गेली असेल तर बहुधा औषधाचा डोस कमी पडतोय किंवा गम चुकीचा चघळला जातोय. तीन महिन्यांनंतर लग्नाच्या मांडवात झाली असेल तर औषध पुरेसं होतं, मांडवातली संगत सांभाळायची राहिली. पहिल्याला डॉक्टरांकडे जायचंय, दुसऱ्याला पुढच्या लग्नाची तयारी करायचीय. पुरतं परत सुरू झालं असेल तर पंधरा दिवसांत नवी तारीख धरा. या वेळी मार्ग बदला, गम घेतला असेल तर पट्टी जोडा, दोन्ही झालं असेल तर गोळीबद्दल विचारा.

९. आधीपासून औषधं चालू असतील तर

हे सगळ्यांना लागू नाही, पण ज्यांना आहे त्यांनी वगळू नये. धुरामुळे काही औषधं शरीरातून लवकर निघून जातात. धूर बंद झाला की तोच डोस जड पडू शकतो. दम्यासाठी थिओफायलिनची गोळी घेणारे आणि मानसिक आजारासाठी ओलान्झापिन किंवा क्लोझापिन घेणारे, यांनी सोडायची तारीख आपल्या डॉक्टरांना आधी कळवायची. इन्सुलिन घेणाऱ्यांनी पहिले काही आठवडे साखर जास्त वेळा तपासायची, कमी होऊ शकते. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल किंवा तुम्ही गरोदर असाल, तर पट्टी-गम स्वतःहून दुकानातून आणू नका. सिगारेट आजच बंद करा, औषधाचं डॉक्टर ठरवतील.